खाजणातलं घरटं

डोंबिवली
रविवार, २३ फेब्रुवारी

प्रिय करिश्मा,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर एकच टिक येते, म्हणून हे पोस्टाने पाठवतोय. अक्षर ओळखून न उघडताच फाडशील, अशी भीती आहे. पण तुझ्या भाचीच्या, हितेशदादाच्या कृतिकाच्या हाती लागलं तर ती आत्याला वाचून दाखवल्याशिवाय राहायची नाही, या आशेवर लिहितोय.

आज मी तुझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर होतो. घाबरू नकोस, दारात आलो नाही. आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपची रविवारची फेरी कोलशेतला होती, तुमच्याच खाडीकाठच्या खाजणात. जागा मीच सुचवलेली. का, ते तुला सांगायला नको.

महेंद्र सर बॉटनीचे रिटायर्ड प्रोफेसर, त्यामुळे पक्षी बघायला जावं आणि अर्धा वेळ झाडं बघावी, असं होतं. खाडीकडच्या रस्त्याला पांगारा फुललाय. काटेसावरीवर मैना आणि बुलबुलांची नुसती झुंबड. खारफुटीच्या कडेला मारांडीला जांभळी फुलं यायला लागलीत. 'पानांना काटे असतात, हात लावू नका,' असं सर म्हणेपर्यंत रुचिताने लावलाच. रुचिता म्हणजे ती बाळकुमची, ग्रुपचं फेसबुक पेज सांभाळते ती. ओहोटी होती, पलीकडच्या चिखलात रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. खूप होते. सरांना म्हटलं, मोजायचे का? ते म्हणाले, आज नुसते बघू.

आणि मग बांधाच्या आत, गोडं पाणी साचतं त्या लव्हाळ्यात, रंगीत पाणलावा! इतकी वर्षं फिरतोय, कधी दिसला नव्हता. हा फार बुजरा पक्षी. सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मग आम्हाला घरटंही दिसलं. म्हणजे घरटं नाही, लव्हाळ्यातून पाठ दिसली आणि एक डोळा. यांच्यात मादी रंगीत आणि नर मळकट. अंडी घातली की मादी निघून जाते, उबवायचं काम नराचं. सरांनी हे सांगितल्यावर ग्रुपमधल्या बायका माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना आपल्याबद्दल काही माहीत नाही.

हितेशदादा अख्ख्या ग्रुपसाठी चहा घेऊन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "घरा का नाय येत?" मी म्हटलं, करिश्मा बोलावेल तेव्हा येईन. तर म्हणे, "तिचा राग मना ठाव हाय. उतरंल. तू येत र्‍हा." बांधाच्या टोकाला मध्यंतरी डेब्रिजच्या गाड्या खाली झाल्यात, ते सगळ्यांनी पाहिलेलं. रुचिताने जरा तिरकसच विचारलं, "इथे भराव टाकणार का तुम्ही?" दादा म्हणाला, "टाकीन कवातरी. जमीन माझी हाय. पन पिल्लां निंगंपरत इथं टोपलीभर माती परनार नाय. शब्द देतंय."

तुझे बाबा नको म्हणत असताना आपल्या लग्नाला कोर्टात सही करायला आलेला, तेव्हा असाच बोलत होता.

आईच्या बाबतीत संक्रांतीला जे झालं, त्याबद्दल आज लिहीत नाही. आज चांगलंच लिहायचं ठरवलंय. तुमच्या गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. तू दिसली नाहीस. मी दुर्बीण लावून पाहिलं.

सुशांत


डोंबिवली
रविवार, २ मार्च

प्रिय करिश्मा,

वाईट बातमी आहे. तुला घरी कळलीच असेल, तरी लिहितो.

आज सकाळी पुन्हा कोलशेतला गेलो तर घरटं रिकामं. अंड्यांची दोन कवचं चिखलात पडलेली, बाकी काही नाही. नर कुठेच दिसला नाही. घरट्याच्या पुढचे लव्हाळे कोणीतरी कापलेले. वार्‍याने मोडलेले नव्हते, सरळ कापलेले. सरांनी एक देठ उचलून बराच वेळ हातात धरला. म्हणाले, धारदार काहीतरी आहे, आडोसा गेला की कावळ्यांना आमंत्रणच. मग चष्मा काढून पुसत बसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

ग्रुपमध्ये लगेच चर्चा सुरू झाली. तिथे कोण जातं, जागा कोणाला माहीत होती वगैरे. मी फार बोललो नाही. माझी तब्येत तशीही बरी नाही. गुरुवारी अंग कणकणत होतं म्हणून ऑफिसलाही गेलो नव्हतो, दिवसभर घरीच पडून होतो.

रुचिताने कापलेल्या लव्हाळ्यांचे फोटो काढले. तिचा दादावर संशय आहे. ती म्हणते, पक्षी गेले की जमीन मोकळी, सरळ हिशोब आहे. सर म्हणाले, पुराव्याशिवाय नाव घेऊ नये. ती म्हणाली, नाव घेत नाही, पण प्रश्न तर विचारू शकते ना?

येताना दादा दिसला. बांधावर उभा होता. त्याने हात केला. मीही केला.

बाकी ठीक. कुंडीतल्या मोगर्‍याला कळ्या आल्यात. पाणी घालतोय.

सुशांत


डोंबिवली
सोमवार, १० मार्च

प्रिय करिश्मा,

तू मला अनब्लॉक केलंस. शनिवारी तुझा मेसेज आला तेव्हा मी मानपाड्याला भाजी घेत होतो. पिशवी तिथेच विसरलो, परत जावं लागलं. खरं तर आता फोनवर बोलता येईल. पण मला कागदावर जमतं तेवढं तोंडाने जमत नाही, हे तुला माहीत आहे.

रुचिताची पोस्ट इतकी पसरेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. तिने नाव घेतलं नाही हे खरं, पण डेब्रिजच्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या दादाचा फोटो टाकला. खाली लोकांनी काय काय लिहिलंय. 'भूमिपुत्र म्हणवतात आणि पैशासाठी...' पुढचं लिहवत नाही. कोणीतरी त्याचा नंबर टाकला. वनखात्याची माणसं येऊन पंचनामा करून गेली, हे तूच लिहिलंस. दादाने आता बांधावरची वाट काटेरी फांद्या टाकून बंद केली आहे, त्यावरूनही लोक म्हणतात, बघा, काहीतरी लपवतोय.

म्हणून काल आमची फेरी कल्याणला गांधारीच्या पुलाखाली झाली. पळस फुललाय. कैकर नावाचा शिकारी पक्षी मासा पायात धरून आमच्या डोक्यावरून गेला, सगळे ओरडले. मीही ओरडलो. नंतर बराच वेळ मला काही दिसत नव्हतं.

तू लिहिलंस, 'दादाशी मी बोलणं बंद केलंय. त्याने पिल्लांचा शब्द दिलेला ना? मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय.' आणि मग विचारलंस, 'तुला काय वाटतं, त्यानेच केलं असेल?'

मी उत्तर दिलं, 'सांगता येत नाही.'

त्यावर तू लिहिलंस, 'निदान तू तरी त्या पक्ष्यांसाठी रडलास.' रडलो हे तुला कोणी सांगितलं, माहीत नाही. बहुतेक कृतिकाने बांधावरून पाहिलं असेल. आणि मग लिहिलंस की पाडव्याला घरी येतेस.

घर आवरायला घेतलंय.

सुशांत


डोंबिवली
शनिवार, १५ मार्च

करिश्मा,

हे पत्र आज लिहून आजच टाकायचं आहे. नाहीतर मी ते टाकणार नाही.

काल धुळवडीच्या दुपारी हितेशदादा आपल्याकडे आलेला. खाली सोसायटीत पोरं रंगून निघालेली आणि याच्या अंगावर रंगाचा एक ठिपका नाही. मी दार उघडलं तर तो आत यायला तयार नव्हता, चप्पल काढून उंबर्‍यातच उभा. मी हाताला धरून आत आणलं. पाणी दिलं. चहा ठेवला. तो खुर्चीच्या कडेवर बसला, जसा कोणी अनोळखी माणसाच्या घरी बसतो.

म्हणाला, "होलीला गेलो नाय रं मी. आमच्या घराचा मान हाय, बापाच्या टायमापासून. पयला नारल आमचा. यंदा काकाला पाठवला. पोरां मोबाईल दाखवून हसतात."

मी कप काढून ठेवले.

"कृतिका शालंत जात नाय. तिला बोलतात, तुझ्या बापानं पिल्लां मारली. करिश्मा एका घरात र्‍हाऊन माझ्याशी बोलत नाय, ताट सरकवून जाते. मना बाकी कुनाचा काय नाय. तू तिला सांग. तू मना वलखतोस ना? तू पक्षीवाला मानूस, तुझा ऐकंल ती."

चहा उतू गेला. मी गॅस पुसत बसलो, लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. मग त्याला म्हटलं, "बघतो दादा."

बघतो! तो एवढ्यावरसुद्धा बरं वाटून गेला. जिन्यात वळून म्हणाला, "घरात एकटा र्‍हातोस, जेवतोस ना टायमावर?"

करिश्मा, लव्हाळे मी कापले.

गुरुवारी मी आजारी नव्हतो. ऑफिसला खोटं सांगून सकाळीच कोलशेतला गेलो. तुझ्या शिवणाच्या डब्यातली कात्री नेली होती, म्हणजे आधीपासूनच मनात होतं. रविवारी नराचा फक्त डोळा आला होता फोटोत, पुढे सगळं गवत. मला तो अख्खा हवा होता, अंड्यांवर बसलेला. आधी वाटलं लिहावं की फोटो तुझ्यासाठी हवा होता, मोठा करून पाठवणार होतो. ते खोटं आहे. सरांनी सगळ्यांसमोर वाहवा म्हणावं म्हणून हवा होता. ग्रुपच्या प्रदर्शनात खाली माझं नाव यावं म्हणून.

आधी चारच देठ कापले. मग सावली पडत होती म्हणून आणखी. नर उठून पाण्याकडे गेला, परत आला, बसला. फोटो निघाले. मी निघालो तेव्हा बांधावर कावळा बसलेला. मी त्याला पाहिलं. टाळी वाजवून उडवला आणि तो पुन्हा तिथेच येऊन बसला, हेही पाहिलं. कोणी येईल या भीतीने मी पुढे गेलो.

म्हणजे मला माहीत होतं. रविवारी सगळ्यांबरोबर जाऊन कवचं पाहिली, तेव्हा मला धक्का वगैरे काही बसला नव्हता. रडलो, ते खरं होतं. पण काय म्हणून रडलो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आणि सगळ्यात लाज वाटते ती पुढची गोष्ट सांगायची. तू दादावर रागावून माझ्याशी बोलायला लागलीस, तेव्हा मला आनंद झाला. 'सांगता येत नाही' असं टाईप करताना मी एकदाही थांबलो नाही. तू पाडव्याला येणार म्हणून मी पडदे धुवायला टाकले.

आईचंही आत्ताच लिहून टाकतो. ती कल्याणहून आपल्याकडे राहायला येते म्हणाली तेव्हा नको मला होतं. मी तिला सांगितलं, करिश्माला जमणार नाही. तू नणंदेकडून ते ऐकलंस आणि गेलीस. मी तेव्हाही 'गैरसमज झाला' असंच म्हणत राहिलो.

उद्या रविवार आहे. उद्या ग्रुपसमोर सांगेन आणि मग दादाकडे जाईन. हे पत्र तुला त्यानंतर मिळेल. उद्या जर मी गेलो नाही, तर हे वाचल्यावर तूच त्याला सांग.

सुशांत


डोंबिवली
सोमवार, १७ मार्च

करिश्मा,

गेलो.

फेरी मोठागावच्या रेतीबंदरावर होती. शेकाट्यांचा थवा उतरलेला, सर स्पॉटिंग स्कोप लावत होते. मी म्हटलं, सर, मला काहीतरी सांगायचंय, सगळ्यांनाच. सांगितलं. वाक्यं पाठ करून गेलो होतो, पण मध्येच विसरलो आणि 'कात्री' हा शब्द तीनदा म्हणालो.

सरांनी स्कोपवरून डोळा काढला. मग सर म्हणाले, "फोटो आहे तुमच्याकडे?"

मी कॅमेरा दिला. सरांनी पाहिला आणि पुढे दिला. तो हातोहात फिरला. आणि आमच्यातला एक जण, नाव सांगत नाही, म्हणाला, "फोटो मात्र भारी आलाय यार." कोणी त्याला काही बोललं नाही, कारण फोटो खरंच तसा आलाय. पंखावरची एकेक रेघ दिसते. मला तिथे चिखलात शिरावंसं वाटलं.

रुचिता रडायला लागली. म्हणाली, "मी त्या माणसाचा फोटो टाकला. तू दोन आठवडे वाचत होतास, तुझा लाईक आहे त्याला." खरं आहे. मी लाईक केलेलं. न केलं तर दिसेल म्हणून.

सरांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "जगदाळे, तुम्ही यापुढे आमच्याबरोबर येऊ नका." बस. आवाज चढवला नाही. पुन्हा स्कोपला डोळा लावला, पण त्यांचा हात फोकसवर नुसताच होता.

तिथून कोलशेतला गेलो. तू घरी नव्हतीस, बाजारात गेलेलीस म्हणे. दादा अंगणात होता. मी उभ्यानेच सांगितलं. वाटलेलं, मारेल. मारलं असतं तर सोपं झालं असतं. त्याने सगळं ऐकलं, मग विचारलं, "धुलवरीला मी तुझ्या घरा आलो, तवा तुना ठाव व्हता?"

"हो."

"आनी मी तुना जेवनाचा विचारला."

"हो, दादा."

"दादा नको बोलू."

कृतिका दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार. दादा तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "माझा थोबार सगल्या ठान्यानं बघितला. आता तुझा दाखव. ह्याच बांधावर उभा र्‍हा, मोबाईल धर, आनी बोल. नंतर चालता हो. आनी एक आयक. जमीन मी इकनार हाय, कवाबी इकंन, कुनाला इचारनार नाय. पन अंडी मी नाय मोरली."

बांधावर उभा राहून बोललो. व्हिडिओ रुचिताने ग्रुपच्या पेजवर टाकला आणि तिची जुनी पोस्ट काढली. जुनी पोस्ट ज्यांनी पुढे पाठवली होती ती तशीच फिरते आहे. माझा व्हिडिओ फारसा कोणी पुढे पाठवत नाहीये. आज ऑफिसात मात्र सगळ्यांनी पाहिलेला होता. डबा एकट्याने खाल्ला.

काल संध्याकाळी आईकडे कल्याणला जाऊन आलो. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला शंका होतीच रे. पण सुनेला बोल लावणं सोपं गेलं." तिला तुला फोन करायचा आहे. तुला चालणार असेल तरच, असं म्हणाली.

पाडव्याचं मी धरून बसलेलो नाही.

सुशांत


कोलशेत
गुरुवार, २० मार्च

सुशांत,

दोन्ही पत्रं मिळाली. व्हिडिओ त्याआधीच पाहिला, बाजारात. मच्छीवालीने दाखवला. "तुझाच नवरा ना ह्यो?" मी म्हटलं, हो.

पाडव्याला मी येत नाही. पुढे येईन की नाही, मला माहीत नाही, विचारू पण नकोस.

तुला वाटत असेल मी फक्त तुझ्यावर चिडलेय. नाही. ज्या भावाने मला सांभाळलं, त्याला मी एका पोस्टवरून चोर ठरवलं. तुझ्या 'सांगता येत नाही'ने ते पक्कं झालं. त्याच्यासमोर ताट ठेवून मी उठून जायचे आणि तो एकटा जेवायचा. काल मी त्याच्यासमोर बसले. वहिनी सुक्या बोंबलाचं कालवण वाढत राहिली. त्याने एक बोंबील उचलून माझ्या ताटात टाकला, लहानपणी टाकायचा तसा, आणि मी तिथेच रडले. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल. पण ते मला करायचंय, त्यात तू नकोस.

आईंचा फोन आला तर उचलेन.

एक काम कर. मला आता पत्र लिहू नकोस. तू छान लिहितोस, हेच वाईट आहे. फुलं, पक्षी, मोगरा, आणि मध्येच गुरुवारचा ताप. पहिल्या पत्रात मी हसले होते, माहितीये?

लिहायचंच असेल तर कृतिकाला लिही. ती अजून शाळेत जात नाही. व्हिडिओ दाखवला तर शेजारच्या पोरी म्हणतात, तुझ्या बापानेच दम देऊन बोलून घेतलं असेल. तिला समजेल असं लिही. माफीबिफी नंतर. आधी काय झालं ते.

करिश्मा


डोंबिवली
शनिवार, २२ मार्च

कृतिका,

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे, पण तू ते वर्गात, बाईंना, रिक्षातल्या मैत्रिणींना, कोणालाही वाचून दाखवू शकतेस. त्यासाठीच लिहितोय.

तुमच्या खाजणात एका पक्ष्याचं घरटं होतं. त्यात अंडी होती. तुझ्या बाबांना ते माहीत होतं आणि त्यांनी शब्द दिला होता की पिल्लं निघेपर्यंत तिथे माती टाकणार नाही. त्यांनी शब्द पाळला. त्या आठवड्यात तिथे टोपलीभरही माती पडली नाही.

मी गेलो. मला चांगला फोटो हवा होता, म्हणून मी घरट्यासमोरचं गवत कात्रीने कापलं. गवत गेल्यावर अंडी उघडी पडली आणि कावळ्यांनी खाल्ली. तो पक्षी परत आला नाही.

मग सगळे म्हणाले की हे तुझ्या बाबांनी केलं. ते खोटं आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी गप्प बसलो. दोन आठवडे गप्प बसलो. ते आमच्या घरी आले, माझ्यासमोर बसले, तरी गप्प बसलो. तुला शाळेत बोलत होते हे त्यांनी मला सांगितलं, तरी. मी घाबरलो होतो. पण घाबरलेला माणूससुद्धा खरं बोलू शकतो. मी बोललो नाही.

तुझ्या बाबांनी मला दम दिला नाही. मी स्वतः येऊन सांगितलं, तू दारात उभी होतीस, तू पाहिलंस. त्यांनी मला हातही लावला नाही.

तू सोमवारी शाळेत जावंस असं मला वाटतं, पण ते तुझं तू ठरव. गेलीस आणि कोणी काही बोललं, तर भांडू नकोस, रडूही नकोस. त्यांना सांग की ज्याने अंडी घालवली त्याचं नाव माझ्याकडे लिहून आहे, त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, आणि कोणाला खात्री करायची असेल तर त्याने या पत्त्यावर यावं. मी घरीच असतो.

सुशांत विश्राम जगदाळे
मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व